सामानाची वही

ब्रिनलासच्या स्काउट पथकाचा इतिहास
एका पानात लिहून द्या,
असं नगरमंडळाचं पत्र आलंय.
झोपडी विकली जातेय, दारावर फलक लागणार आहे.

एका पानात!
माझ्याकडे आहे ती सामानाची वही :
तंबू किती, खुंट्या किती, कोणी काय हरवलं.

पहिली नोंद, मार्च एकोणीसशे अकरा :
‘मुलं सात. काठ्या सहा. किटली एक, उसनी.’
अक्षर गोरोन्वी प्रिचर्डचं,
खाणीच्या वजनकाट्यावरचा कारकून,
एक पाय आखूड,
पण डोंगर चढताना पोरांना
म्हणे त्याची पाठच दिसायची.
किटली त्याच्या बहिणीची.
परत केल्याची नोंद नाही.

गावात तेव्हा दोनच गोष्टी मुबलक,
पाऊस आणि पाटीचा दगड.
कुठकुठली पोरं ज्यावर मुळाक्षरं गिरवायची
ती पाटी आमच्या डोंगरातून निघायची,
आणि आमची पोरं तेराव्या वर्षी
पाटी सोडून पाटी फोडायला जायची.
शनिवारी हात धुऊन यायची गाठी शिकायला.
नखांतली निळी भुकटी दोरालाही लागायची.

सोळा सालच्या पानावर एवढंच :
‘काठ्या सात. हात तीन जोड्या.’
खाली एक तपकिरी डाग.
बरीच वर्षं मी त्याला अश्रू समजत होते.
चहा आहे तो.
पण किटली ठेवताना त्याचा हात हलला असेल,
एवढं मी धरून चालते.

मग जुन्या प्रार्थनाघराची बाकं मोडून
झोपडीची जमीन केली.
तिसऱ्या फळीवर अजून वाचता येतं ‘एल्वेड’,
प्रवचन चालू असताना चाकूनं कोरलेलं.

लिव्हरपूलवर बाँब पडू लागले,
तिकडची चार पोरं आमच्याकडे आली.
त्यांना आमची भाषा येईना,
आमच्यांना त्यांची धड येईना.
बावटे मात्र सगळ्यांना येत.
रेगी नावाचा पोरगा पटांगणाच्या टोकाला उभा राहून
अक्षर अक्षर कळवत राहिला,
अक्षरं बरोबर, शब्द अनोळखी.
शेवटी बावटे टाकले आणि पोटावर हात ठेवला.
किटली चढली.

अठ्ठावन्न, ऑगस्ट :
‘दोर एक, कापावा लागला.’
का, ते लिहिलेलं नाही.
गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून नाही.
आता माहीत असलेले दोघे उरलोत.
मीही लिहिणार नाही.

मी तेव्हा दहा वर्षांची, खिडकीबाहेर.
मुलींना आत यायची मुभा नव्हती.
निरगाठ, सुरगाठ, सगळं काचेतून शिकले,
समोरून बघून, म्हणून माझी प्रत्येक गाठ उलटी.
अजून उलटीच बांधते.
एकही सुटलेली नाही.

खाण बंद पडली, बाप लोक गाव सोडून गेले,
त्यांच्यामागून पोरं.
मुलींना घ्यायचं ठरलं त्या वर्षी
मी त्रेचाळीस वर्षांची होते,
आणि सामानाची किल्ली कधीचीच माझ्याकडे होती,
दुसरं कुणी घ्यायलाच तयार नव्हतं.
पहिल्या दिवशी टेग्वेन नावाची चिमुरडी
दारात थबकली, विचारलं, ‘बूट काढू का?’
मी म्हटलं, एल्वेडवर पाय देऊ नकोस, बाकी चालेल.

गेल्या मंगळवारी किटली घेऊन
प्रिचर्डांच्या दारी गेले.
बहिणीची पणती बाहेर आली, कडेवर मूल.
म्हटलं, ही तुमची. जरा उशीर झाला.
तिनं उजेडाकडे धरून आत पाहिलं.
‘भोक आहे हिला.’
हो, म्हटलं, त्रेसष्टच्या थंडीपासून.
ती इतकी हसली की मूल रडायला लागलं.
‘राहू दे तुमच्याकडेच, नेस्टा.’

तर वहीत आजची नोंद :
तंबू दोन, एक फाटका. खुंट्या एकोणीस.
किटली एक, उसनी.

पत्राला उत्तर अजून दिलेलं नाही.